बोर्ड गरम लागतोय, वास येतोय, सांगायचं कुणाला?

(वाचकांचे प्रश्न: घरातली, दुकानातली, दवाखान्यातली वीज)

गेल्या अंकात एवढंच लिहिलं होतं की पेशंटला भेटायला गेलात की जाताना एकदा भिंतीवरच्या बोर्डाकडं पण बघा, तर त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी घरचे मिक्सर-गिझरचे प्रश्न बाजूला ठेवून सगळी जागा दवाखान्यालाच दिलीय. नावं छापत नाही, गावं तेवढी दिलीत.

खानापूरहून एक ताई लिहितात: आईला आठ दिवस एका लहान दवाखान्यात ठेवलं होतं. तिच्या पलंगामागचा एसीचा बोर्ड हाताला गरम लागायचा आणि रात्री कसला तरी कुजका वास यायचा. मी सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या आमच्याकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, सगळीकडं असंच होतंय. आई घरी आली पण माझ्या मनातून ते जाईना. मी उगाच घाबरूलालेय काय?

नाही ताई, उगाच नाही. तुम्ही जो कुजका वास म्हणताय ना, सडलेल्या माशासारखा, तो स्विच आणि सॉकेटचं प्लास्टिक, बेकलाइट तापल्याचा वास असतो, आणि दवाखान्यात फिनेलच्या आणि औषधांच्या वासात तो कुणाच्या लक्षात पण येत नाही. तुमच्या आला, चांगलं झालं.

आत काय होतं ते सांगतो. वायर सॉकेटमध्ये एका लहानशा स्क्रूखाली दाबलेली असते. एसी चालू-बंद होतो तसं तांबं तापतं, फुगतं, गार होतं, आकसतं, असं हजार वेळा झालं की स्क्रू ढिला पडतो. त्यात खानापूरचा पाऊस, भिंती चार महिने ओल्या, तांब्यावर हिरवा कळंक चढतो. मग जिथून करंट जायचा ती जागाच अरुंद होते आणि तिथं उष्णता तयार होते, करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आणि यात वाईट गोष्ट अशी की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, पडत नाही. एमसीबीला जास्त करंट कळतो किंवा शॉर्ट कळतो, लूज कनेक्शन त्याला कळतच नाही, कारण करंट नेहमीएवढाच असतो. म्हणजे बोर्ड आतून जळत असतो आणि वरचा एमसीबी निवांत असतो. तो वास ओळखायला तिथं माणसाचं नाकच लागतं.

2021 च्या उन्हाळ्यात मला एका नर्सिंग होममध्ये बोलावलं होतं. तिथं एका खोलीसाठी अडीच एमएमची वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी, एका दीड टनी एसीच्या हिशोबानं ओढलेली, आणि ती ठीकच होती. पुढं त्याच वायरवर दुसरा एसी जोडला, मग कोविडमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले ते एक्स्टेन्शनवर लावले. दुपारी एमसीबी पडायला लागला. तर कुणीतरी काय केलं, 16 चा काढून 32 चा बसवला. पडायचा बंद झाला, सगळे खूश. मी बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या वायरचं लाल-काळं काही ओळखू येत नव्हतं, तपकिरी झालेलं, नख लावलं तर इन्सुलेशन पापडासारखं तुटून हातात आलं, आणि स्क्रू दीड आटा फिरला. पलीकडं अर्ध्या हातावर पलंग होता, त्यावर एक आजोबा ऑक्सिजनवर. मी तिथल्या तिथं सप्लाय बंद करायला लावला आणि आजोबांना दुसऱ्या खोलीत हलवलं, मगच पुढचं बोललो. एमसीबी वायरची राखण करायला असतो, तो पडतोय म्हणजे वायर ओरडतेय, आणि आपण तिचं तोंड बंद करतो. मोठा एमसीबी पाहिजे तर आधी मोठी वायर ओढा, दुसरा रस्ता नाही.

म्हणून ताई, असा बोर्ड दिसला तर सिस्टरवर थांबू नका, त्या बिचाऱ्या एकट्या वीस पेशंट बघतात. डॉक्टरांना किंवा मॅनेजरला सांगा, आणि तेवढ्यावर न थांबता चार ओळी लिहून द्या, तारीख घालून, खोली नंबर घालून, एक कॉपी आपल्याकडं. लिहिलेलं माणूस टाळत नाही. आणि तोवर पेशंटचा पलंग तिथून हलवायला सांगा, ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निपाणीचे एक डॉक्टर विचारतात: वडिलांच्या जुन्या घरात मी 12 बेडचा दवाखाना चालवतो. रजिस्ट्रेशन आहे, सहा अग्निशामक सिलिंडर घेतलेत, दरवर्षी स्टिकर बदलतो. आणखी काय करणं आवश्यक आहे?

डॉक्टर, तुम्ही स्वतःहून विचारलंत याचं मला खरंच बरं वाटलं. कर्नाटकात खाजगी दवाखान्याचं रजिस्ट्रेशन 2007 च्या केपीएमई, म्हणजे खाजगी वैद्यकीय संस्थांच्या, कायद्याखाली होतं, जिल्ह्यात डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, नोंदणी समितीचे प्रमुख असतात, आणि सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. अग्निशामक खात्याचं वेगळं, विजेचं वेगळं, मोठा जनरेटर किंवा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टोरेटचं वेगळं. हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. पण मला जे सांगायचंय ते असं की कागद त्या दिवशीच्या इमारतीला मिळालेला असतो. त्यानंतर तुम्ही एक्सरे आणला, लॅबला फ्रिज आला, वरच्या मजल्यावर दोन स्पेशल रूम काढल्या, मागच्या बोळात पत्रा मारून स्टोअर केलं. कागद तोच, इमारत वेगळी. तेव्हा पहिलं काम म्हणजे रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून आजपर्यंत काय काय नवीन आलं ते एका वहीत लिहून काढा, आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून टाँगटेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक सर्किटवर भर दुपारी, सगळे एसी चालू असताना किती करंट जातोय ते लिहायला लावा. हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, मंजूर लोड किती आणि खरा किती ते पण तिथंच कळेल. पुष्कळ ठिकाणी घराचाच लोड चालू असतो.

अर्थिंगचं एक सांगतो, आपल्या भागात हे फार होतं. अर्थिंगचं माप जुलैमध्ये घेतात, जमीन भिजलेली, आकडा छान येतो, फाईलला लागतो. तेच अर्थिंगचे खड्डे एप्रिलमध्ये मोजा, जमीन वाळलेली असते, मग खरं काय ते दिसेल. दरवर्षी उन्हाळ्यात मोजा.

सिलिंडरचं स्टिकर बदललं म्हणजे सिलिंडर तपासला असं नाही. पावडरवाल्याला काटा असतो, तो हिरव्यात आहे का बघा. पण सीओटूवाल्याला, म्हणजे कार्बन डायऑक्साईड गॅसवाल्याला, काटाच नसतो, त्यातला गॅस वजनावरून कळतो, रिकाम्याचं वजन सिलिंडरवरच कोरलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा, गॅस दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाला असेल तर भरून घ्या. मशीन आणि बोर्डाजवळ सीओटूच ठेवा, पावडरनं आग विझते पण मॉनिटर, व्हेंटिलेटर खराब होतात आणि पेशंटच्या नाकातोंडात जाते ते वेगळंच. वापरताना पुढच्या भोंग्याला हात लावू नका, इतका गार पडतो की कातडी चिकटते. आणि लहान बंद खोलीत मारला तर मारून लगेच बाहेर या, गुदमरायला होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मागचं दार. मला सांगा डॉक्टर, तुमचं मागचं दार आत्ता उघडं आहे का? तुम्ही म्हणाल चोऱ्या होतात, पेशंट बिल न देता जातात, कुत्री येतात. खरं आहे. पण किल्ली काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आणि काउंटरवरचा मुलगा रात्री झोपलेला, असं असेल तर ते दार नाही, भिंतच आहे. आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार मिळतं, ते बसवा, चोर पण येत नाही आणि पेशंट पण अडकत नाही. जिन्याखाली जुन्या गाद्या, रिकामे खोके, ऑक्सिजनचे जादा सिलिंडर असतील तर आज संध्याकाळीच काढा. कॉरिडॉर नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणं 2.4 मीटर पाहिजे, म्हणजे जवळजवळ आठ फूट, जुन्या घरात तेवढा मिळणार नाही, पण आहे त्यात खुर्च्या आणि स्टँड ठेवून आणखी कमी करू नका, आणि एक रिकामा पलंग रात्री खरोखर दारापर्यंत ढकलून बघा, कुठं अडतो ते.

हे मी का एवढं ताणून सांगतोय, कारण दवाखान्यात माणसं बहुतेक ज्वाळेनं नाही, धुरानं जातात. कोलकात्यात 9 डिसेंबर 2011 ला एएमआरआय हॉस्पिटलच्या तळघरात आग लागली, जिथं पेटणारा माल साठवला होता, आणि धूर वर पेशंटपर्यंत गेला, इमारतीला बाहेरून काचा, उघडायला जागा नाही, नव्वदच्या वर माणसं गेली. भंडाऱ्याला 9 जानेवारी 2021 च्या रात्री नवजात बाळांच्या कक्षात 10 बाळं गेली. विरारला 23 एप्रिल 2021 ला आयसीयूत 15, आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूत निदान 11. राजकोटच्या कोविड हॉस्पिटलमधल्या आगीनंतर डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की कोविड हॉस्पिटलांचं फायर ऑडिट दर महिन्याला करा आणि प्रत्येक ठिकाणी त्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा, आणि भंडारा, विरार, नगर हे तिन्ही त्याच्यानंतरचं आहे. मी हे लिहिताना पण मला त्रास होतोय. तुमचे 12 बेड आहेत, तुम्हाला दर महिन्याला एक तास काढणं जमतं. सिस्टर, वॉर्डबॉय, रात्रीचा वॉचमन यांच्यातला एक माणूस नाव घेऊन नेमा, मेन स्विच कुठं, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठं, कुणाला आधी उचलायचं, हे त्याला अंधारात पण करता आलं पाहिजे.

वडगाव, बेळगाव इथून आयटीआय झालेला एक मुलगा: मी एका मोठ्या दवाखान्यात मेंटेनन्सला लागलोय. सगळीकडं आरसीसीबी आहे पण ऑपरेशन थिएटरच्या टेबलाजवळच्या सॉकेटला नाही, तिथं वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि एक अलार्मची पेटी आहे. सीनियर म्हणाले विचारू नको, तसंच असतंय. का असतं?

विचारायचंच भावा, विचारल्याशिवाय या धंद्यात राहू नकोस. वॉर्डात, बाथरूमला, गिझरला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच, लिकेज झालं, म्हणजे करंट वाट सोडून अंगातून किंवा जमिनीत जायला लागला, की तो झटक्यात लाईन तोडतो. पण पोट उघडलेलं असताना लाईन तुटली तर? म्हणून थिएटरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. आपल्या साध्या सप्लायचा न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, म्हणून फेजला हात लागला की करंट अंगातून जमिनीत जातो. या ट्रान्सफॉर्मरची बाहेरची बाजू जमिनीला बांधलेलीच नसते, त्यामुळं एक वायर कुठं लागली तरी करंटला परत जायला रस्ता नाही, मशीन चालू राहतं आणि पेटी नुसती ओरडते. पण ती ओरडली म्हणजे पहिला फॉल्ट झालाय, दुसरा झाला तर गोष्ट हाताबाहेर जाईल. डॉक्टरांना आवाजाचा त्रास होतो म्हणून तिचा बझर कुणी काढून ठेवला असेल तर आधी तो जोडून घे. ऑपरेशन संपलं की एक एक मशीन काढून बघायचं, कुठलं काढल्यावर लाल दिवा जातो. आणि वॉर्डातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायच्या आधी सिस्टरना विचार त्या लाईनवर कुणाचं मशीन चालू आहे काय.

अनगोळचे एक काका लिहितात: दवाखान्यात सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. आमच्यासारख्यांना वाचता येत नाही. आग लागली तर आम्ही कुठं पळायचं?

काका, तुमची काळजी बरोबर आहे, आणि दवाखान्यांनी मराठीत पण पाट्या लावल्या तर पेशंटचंच भलं आहे, कारण येणारी निम्मी माणसं खेड्यातली मराठी असतात. पण तोवर थांबू नका. हिरव्या पाटीवर पळणारा माणूस आणि दार काढलेलं असतं, ते चित्र कुठल्याही भाषेत तेच. कन्नडमधलं निर्गमन म्हणजे आपलंच निर्गमन, अग्निशामक पण तेच. आणि कुणी बेंकी, बेंकी ओरडलं तर ते आग, आग आहे एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पेशंट ॲडमिट झाला की अर्ध्या तासात कुणीतरी एकजण मागच्या जिन्यानं खाली उतरून यावं, दार उघडतंय का बघावं. आग लागल्यावर लिफ्टकडं जायचं नाही. धूर असेल तर वाकून, भिंतीला हात लावून. चालता न येणाऱ्या पेशंटला उचलत बसायला वेळ नसतो, गादीसकट किंवा चादरीसकट जमिनीवरून ओढत त्याच मजल्यावर धुरापासून लांब, मधलं दार बंद होईल अशा पलीकडच्या वॉर्डात न्यायचं, आणि दार लावायचं.

चिकोडीहून एक ओळ: आईच्या पलंगाशी देवाचा दिवा लावला तर चालतो का? तिला ऑक्सिजन चालू आहे.

नाही ताई. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, तो थोडा जरी वाढला तरी चादर, उशी, केस कापरासारखे पेटतात, आणि मास्कमधून गळलेला ऑक्सिजन कपड्यात मुरून राहतो. दिवा, उदबत्ती, मोबाईल चार्जर, तिन्ही पलंगापासून लांब. आईच्या ओठाला तेल किंवा व्हॅसलिन पण सिस्टरना विचारूनच लावा. दिवा घरी लावा, देव तिथनं पण ऐकतो.

आणि बऱ्याच जणांनी विचारलंय, नंबर कुठला? 101 अग्निशामक, नाही लागला तर 112. गल्ली नाही, मोठी खूण सांगा, कितव्या मजल्यावर आणि ऑक्सिजनवर किती पेशंट ते आधी सांगा. एक माणूस टॉर्च घेऊन मेन रोडच्या कोपऱ्यावर उभा करा आणि दवाखान्यासमोरच्या दुचाक्या हलवायला लागा, बंब गल्लीत वळला पाहिजे.