जुन्या अँबेसेडरचं इनटेक मॅनिफोल्ड निघत नाहीये, हातोड्यानं ठोकून काढू का?

नाही. हातोडा आधी बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय की मॅनिफोल्डचे, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याचे, तीन नट निघाले, तीन जाम आहेत, मेस्त्री म्हणतो दोन फटक्यांत मोकळं करतो, आणि जुनं गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मधे घालायची पट्टी) परत चालेल का. गॅस्केटचं शेवटी सांगतो. त्या मेस्त्रीला आज तरी घरी पाठवा, कारण असल्याच घाईमुळे आमच्या घरात एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

आमची गाडी १९७७ ची मार्क ३, आप्पांची, म्हणजे वडिलांची. इंजिन तुमच्यासारखंच, १४८९ सीसीचं. या इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, इनटेकची दोन तोंडं आणि एक्झॉस्टची (जळलेला धूर बाहेर जायची) तीन, पाचही एकाच बाजूला आणि एकाच गॅस्केटवर. त्यामुळे इनटेक काढायचं म्हटलं तरी हात एक्झॉस्टला लागतोच, आणि जाम होतात ते एक्झॉस्टच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजलेले स्टड, म्हणजे हेडमधून बाहेर आलेले, नट चढवायचे आट्यांचे दांडे.

२०११ चा श्रावण. रविवारी घरी कानबाई, आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी, बसणार होती. आप्पांची इच्छा होती की पारोळ्याहून आत्याला आपल्याच गाडीतून आणावं. गाडी मात्र आयडलिंगला, म्हणजे जागेवर चालू असताना, धापा टाकत होती, बॉनेट उघडलं की मॅनिफोल्डपाशी सू-सू आवाज. दोन महिन्यांपूर्वीच एका गॅरेजवाल्यानं गॅस्केट बदललं होतं, तरी आवाज तसाच. थोरला भाऊ म्हणाला, त्याच्याकडेच परत ने. मी म्हटलं, मी बघतो. बुधवारी संध्याकाळी अंगणातल्या निंबाखाली काम काढलं.

तीन रात्री स्टडवर गंज सोडवायचा स्प्रे मारत राहिलो. शनिवारी अर्ध्या इंचाचा रिंग पाना लावला आणि पाच नट आले. नट कधी थेट सोडवायला जाऊ नका. आधी केसभर घट्ट करायचा, मग सैल. गंज तिथेच तडकतो. सहावा नट मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या) बाजूला, खालच्या अंगाला. तो दिसत नाही, बोटानंच शोधावा लागतो. माझ्या बोटाला त्याचे कोपरेच लागेनात, नुसता गोल गोटा. या गाडीचे नट इंचातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि आपल्याकडे गॅरेजात हाताला येतो तो तेराचा पाना. फरक ०.३ मिमीचा, पण जाम नटावर तेवढ्यानं कोपरे जातात. तेराचा पाना लावून, त्याच्या मागे पाइप घालून कुणीतरी तो नट ओढला होता.

मी ब्लो-टॉर्चनं नटाभोवती गरम केलं, वर मेणबत्तीचं टोक टेकवलं. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हा उपाय खरोखर लागू पडतो. मग व्हाइस ग्रिप, म्हणजे घट्ट धरून राहणारी पक्कड. नट थोडा हलला. परत मेण, परत थोडा. आणि मग टक्. जोर लावल्यावर येतो तसला आवाज नव्हता, वाळकी तुरकाठी मोडावी तसा हलका. मागे भाऊ बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, "तुले कोनी सांगं हात लावाले?"

तो तुकडा मी पेट्रोलनं पुसून उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग काळा-तांबूस, गंज चढलेला. एका कडेला नखाएवढी कोर, तेवढीच चकचकीत. ताजा तुटलेला लोखंडाचा भाग चकचकीत असतो. काळा भाग म्हणजे भेग आधीच पडलेली होती, माझ्या हातून तुटली ती फक्त ती कोर. हे मी तिथेच भावाला दाखवलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही. आजही लग्नकार्यात चार माणसं जमली की "आप्पांच्या गाडीचा स्टड यानं तोडला" हे तो सांगतोच.

मला पुढचं कोडं मॅनिफोल्ड खाली उतरल्यावर उलगडलं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टच्या फ्लँज, म्हणजे हेडला टेकणाऱ्या कडा, शेजारी-शेजारी येतात आणि एकच जाड वायसर दोघींना दाबतो. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर वायसर तिरका बसतो आणि एकीलाच दाबतो. मी कॅलिपर लावला. इनटेकची फ्लँज जवळजवळ अर्धा मिमी बारीक. म्हणजे त्या बिचाऱ्या गॅरेजवाल्यानं नवं गॅस्केट घालून कितीही आवळलं तरी इनटेकवर दाब येणारच नव्हता. हवा थांबत नाही म्हणून त्यानं पाइप घालून आवळलं, आणि तिथेच स्टडला भेग गेली. माप घेतलं असतं तर एवढं काही झालंच नसतं.

स्टडचे दोन आटे हेडच्या बाहेर शिल्लक होते. अवधान एमआयडीसीतल्या एका वेल्डरला बोलावून त्यावर नट वेल्ड करून घेतला, पूर्ण थंड होऊ दिला, मग पान्यानं सगळा स्टड बाहेर आला. आत बुडून तुटला असता तर ड्रिल आणि ईझी-आउट (तुटका स्टड बाहेर काढायचं हत्यार), आणि ते हेड उतरवूनच करा. लेथवाल्याकडून एक्झॉस्टची फ्लँज इनटेकच्या जाडीला उतरवून घेतली. स्टड नवे, नट पितळेचे. पितळेचा नट स्टीलच्या स्टडवर गंजून बसत नाही, पुढच्या वेळी तुमचेच हात दुवा देतील.

भाऊ म्हणत होता, गॅस्केटला दोन्हीकडून सिलिकॉन फास. मी फासलं नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेनं मऊ पडतं, त्याचे तुकडे इनटेकमधून थेट व्हॉल्व्हकडे ओढले जातात. दोन्ही पृष्ठभाग सपाट असतील तर नवं गॅस्केट कोरडंच बसतं. पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. आवळताना मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा, दोन-तीन फेऱ्यांत, १५ फूट-पौंडाच्या आसपास. इंजिन एकदा तापून थंड झालं की परत एकदा बघा.

रविवारी गाडी तयार नव्हती. आत्या एसटीनं आली. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि मंगळवारी गाडी सुरू झाली. सू-सू बंद, आयडलिंग एकसारखं. आप्पा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते, बोलले काही नाही.

आधी सांगायला हवं होतं ते राहिलं: ब्लो-टॉर्च वापरायचा तर गाडीच्या बॅटरीच्या वायरी सोडवा, पेट्रोलची नळी काढून बंद करा, कार्बोरेटर लांब ठेवा. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडू नका, ओलं करूनच काढा. आणि जुनं गॅस्केट परत वापरू नका, काही झालं तरी. तुमच्या गाडीत मॅनिफोल्ड बदललेलं असेल तर वायसरची रचना वेगळी निघू शकते, आधी नीट बघून घ्या.

तो तुकडा मी आप्पांच्या सुपारीच्या डबीत तेल लावून ठेवलाय. भाऊ हे वाचत असेल तर एकदा घरी ये. भिंग मी काढून ठेवतो, ती काळी बाजू एकदा नीट बघ.