टांझानियात गणित शिकवायला निघालाय? सुरुवातीला एवढंच करा

तुम्ही टांझानियातल्या म्वान्झा शहराकडच्या खेड्यात गणित शिकवायला जाताय आणि सुरुवात कशी करायची असं विचारलंय, हे वाचून खरंच छान वाटलं. मी त्या भागात 2 वर्षं शिकवलंय, सुरुवातीला लागेल तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी भाषा. प्रायमरीची सगळी वर्षं स्वाहिलीत आणि फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला, एकदम इंग्लिश, त्यात बऱ्याच घरांत बोलतात सुकुमा ही तिथली स्थानिक भाषा, म्हणजे पोरगं गणितात अडलंय असं आपल्याला वाटतं आणि खरं तर ते अडलेलं असतं 'रिमेंडर' (बाकी) या शब्दापाशी. नवीन लोक इथेच चुकतात, पोरांना कच्चं ठरवून मोकळे होतात. तोच प्रश्न स्वाहिलीत विचारून बघा.

स्वाहिली आकडे पहिल्याच आठवड्यात पाठ करा:
- 11 म्हणजे 'कुमी ना मोजा', दहा आणि एक.
- 29 म्हणजे 'इशिरिनी ना टिसा', वीस आणि नऊ. आपल्या एकोणतीससारखी तिसातून एक काढायची भानगड नाही. दशक-एकक शब्दातच ऐकू येतं, त्याचा फायदा घ्या.

घड्याळ जपून! सकाळचे 7 म्हणजे तिकडे 'सा मोजा', एक वाजला, कारण तास सकाळी 6 पासून मोजतात. माझा एक अख्खा तास या गोंधळात गेला होता.

आणि 'समजलं का?' विचारू नका, सगळा वर्ग एका सुरात 'न्दियो म्वालिमू' म्हणतो, हो बाई. त्यापेक्षा सोड्याच्या बाटल्यांची 17 बुचं तिघांत वाटायला लावा आणि उरलेली 2 हातात धरून पोरगी काय बोलते ते नीट ऐका.

सिलॅबस, परीक्षा सगळं नंतर बोलू. जमेल तुम्हाला, अडलात की विचारा.