कार्यालयातील सर्व्हर अझूर ऑटोमेशनला जोडण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडावे लागते का?

आपला प्रश्न असा आहे की म्हापशातील कार्यालयाच्या स्थानिक नेटवर्कवर असलेला विंडोज सर्व्हर अझूर ऑटोमेशनला, म्हणजे ठरवून दिलेली कामे आपोआप चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेला, जोडायचा असेल, तर स्थिर आयपी घेऊन राउटरवर पोर्ट उघडावे लागेल का. दोन्हींची गरज नाही. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत हेच काम पाहतो आणि हा गैरसमज मला वारंवार आढळतो.

क्लाउड आपल्या सर्व्हरपर्यंत येत नाही, सर्व्हरच बाहेर जाऊन काम विचारतो. त्यावर आधी अझूर आर्कचा (अझूरबाहेरील मशीन अझूरला जोडणाऱ्या सेवेचा) एजंट आणि नंतर हायब्रिड रनबुक वर्करचे एक्स्टेन्शन बसवावे लागते; रनबुक म्हणजे आपोआप चालवायची स्क्रिप्ट आणि वर्कर म्हणजे ती आपल्या मशीनवर चालवणारा घटक. हा वर्कर दर 30 सेकंदांनी सेवेकडे नवे काम आहे का, अशी चौकशी करतो. त्यामुळे फायरवॉलमधून बाहेर जाणारे टीसीपी 443 (एचटीटीपीएसचे नेहमीचे पोर्ट) एवढेच खुले असले तरी पुरते. मात्र फायरवॉल एचटीटीपीएस वाहतूक उलगडून तपासत असेल, तर अझूरचे पत्ते त्या तपासणीतून वगळावेत, अन्यथा जोडणी होत नाही आणि कारणही सहजी सापडत नाही. जोडण्यापूर्वी एजंटची 'चेक' ही कमांड चालवून पाहिल्यास कोणता पत्ता अडतो आहे ते कळते. ऑटोमेशन खात्यासाठी सेंट्रल इंडिया हा विभाग निवडावा, त्याची केंद्रे पुण्यात आहेत. जुन्या लेखांत लॉग अॅनालिटिक्स एजंटची पद्धत दिलेली आढळेल, पण ती 31 ऑगस्ट 2024 रोजी बंद झाली आहे.

खरा विचार पोर्टचा नव्हे, अधिकारांचा करायला हवा. विंडोजवर रनबुक मुळात लोकल सिस्टम या खात्याने चालते, म्हणजे ज्याला अझूरच्या पोर्टलवर रनबुक बदलता येते, तो आपल्या सर्व्हरचा प्रशासकच झाला असे समजावे, मग त्याला कार्यालयाची किल्ली दिलेली असो वा नसो. म्हणून डोमेन कंट्रोलरवर (कार्यालयातील सर्वांची लॉगिन खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) वर्कर बसवू नये. शेजारी एक लहान व्हर्च्युअल मशीन उभे करून वर्कर तेथे बसवावा, वर्कर गटाच्या सेटिंगमध्ये मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्यावे आणि पोर्टलवर रनबुक संपादित करण्याची मुभा एकदोघांपुरतीच ठेवावी. आमच्याकडे लेखा विभागालाही ती हवी होती, मी दिली नाही.

आपल्याकडील पावसाळा लक्षात घेता आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झाले, तर अर्धवट राहिलेले पॉवरशेल रनबुक पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते आणि तीनपेक्षा अधिक वेळा असे घडल्यास ते काम स्थगित होते. समजा, रनबुक रात्री बॅकअपची फाइल दुसऱ्या डिस्कवर नेऊन मूळ फाइल पुसते. पुसल्यानंतर वीज गेली, तर दुसऱ्या फेरीत मूळ फाइलच नसल्याने ते चूक दाखवून थांबेल; नक्कल अर्धवट असताना गेली, तर दुसऱ्या फेरीला नावाची फाइल सापडेल आणि केवळ नाव पाहून काम झाले असे मानणारी स्क्रिप्ट मूळ फाइलही पुसून टाकेल. म्हणून स्क्रिप्टने दोन्ही फाइलींचा हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवूनच मूळ फाइल पुसावी आणि मूळ फाइल नसेल, तर नक्कल तपासून शांतपणे बाहेर पडावे. यूपीएस असला तरी ही काळजी घ्यावी, कारण आमच्याकडील वीजखंड बॅटरीपेक्षा जास्त टिकतो.

सर्व्हर दीर्घकाळ बंद ठेवणार असाल, तर 45 दिवसांनंतर आर्कमध्ये त्याची स्थिती 'एक्सपायर्ड' होऊ शकते आणि मग तो नव्याने जोडावा लागतो.