मिलिटरी पोलिसात मुलगी कुठवर जाऊ शकते?

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातली, पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे. मिलिटरी पोलिसात मुली घेतात हे कळल्यापासून डोक्यात तेच चाललंय. पण मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, ते म्हणतात चार वर्षं गेटवर उभी राहशील आणि घरी येशील, बायकांना वर कोण चढू देतंय. खरंय का हे? धाकटी पाचवीत आहे, तिलाही आर्मीतच जायचंय.

उत्तर: मामांचं चार वर्षांचं म्हणणं खरं आहे, ते आधी नीट ऐक. आता जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के जणांनाच पुढं ठेवतात. पण बाकीचं मला अजिबात पटत नाही. गेटवर उभं राहणं एवढंच काम नसतं गं, कॅन्टोन्मेंटमधली शिस्त, ताफ्यांची ट्रॅफिक, आर्मीतल्या गुन्ह्यांचा तपास, युद्धकैदी, सगळं येतं त्यात. 2019 ला पहिल्या मुलींच्या भरतीचा एक मेळावा तर आपल्या बेळगावातच झाला, आणि बेंगळूरात 61 आठवडे ट्रेनिंग करून 8 मे 2021 ला 83 जणी पास आउट झाल्या.

वर चढायचं म्हणशील तर अमेरिकेच्या डोना मार्टिन यांचं बघ. 1988 ला मिलिटरी पोलिसात सेकंड लेफ्टनंट म्हणून लागल्या, पुढं त्याच शाखेच्या ट्रेनिंग स्कूलच्या प्रमुख झाल्या, मग अख्ख्या अमेरिकन आर्मीच्या मिलिटरी पोलिसांच्या प्रमुख, आणि 2021 ला लेफ्टनंट जनरल होऊन आर्मीच्या इन्स्पेक्टर जनरल. त्यांच्या आधी 2010 ला कॉलीन मॅकग्वायर मिलिटरी पोलिसांच्या प्रमुखपदावर बसलेल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. पण दोघीही सुरुवातीपासून ऑफिसर होत्या हे विसरू नको, माझा सगळा जोर तिथंच आहे.

म्हणून डिग्री सोडू नको. कॉलेजात एनसीसी घे, तिथल्या सी सर्टिफिकेटच्या परीक्षेत निदान बी ग्रेड आण, डिग्रीला 50 टक्के ठेव, मग एनसीसी स्पेशल एंट्रीतनं लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायच्या इंटरव्ह्यूपर्यंत जाता येतं. ऑफिसर झाल्यावर शाखा कुठली द्यायची ते आर्मी ठरवते, मिलिटरी पोलिसच मिळेल असा शब्द कोणी देणार नाही. पण 17 फेब्रुवारी 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बायकांना पर्मनंट कमिशन (रिटायर होईपर्यंतची ऑफिसरची नोकरी) आणि कमांडच्या, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाच्या जागा मोकळ्या झाल्यात, मामांच्या नोकरीच्या काळात हे नव्हतं, त्यांना हे जरूर सांग.

अग्निवीरचा फॉर्मही भर की, कोण नको म्हणतंय. उंची 162 सेंमी लागते, 1.6 किमी साडेसात मिनिटांत पळालीस तर पहिल्या गटात, आठपर्यंत दुसऱ्यात, शिवाय 10 फूट लांब उडी आणि 3 फूट उंच उडी. जाहिरात निघाली की आकडे परत एकदा बघून घे.

आणि धाकटीसाठी कित्तूरची राणी चन्नम्मा मुलींची सैनिक शाळा आहे ना, सहावीला एंट्रन्स असते, यंदाच फॉर्मची चौकशी करा.