वाचकांच्या शंका : भट्टीच्या भिंतीत मुरलेलं इंधन

दीपनगर येथील एक वाचक : आमच्या औष्णिक केंद्रात कोळसा किती आला, राख किती गेली यावर हिशेब बसतो. फ्यूजन भट्टीत (हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्टीत) इंधन किती घातलं आणि किती परत मिळालं याची वजाबाकी करून भिंतीत किती मुरलं ते का काढत नाहीत?

काढतात, पण ही वजाबाकी दगा देते. समजा 100 ग्रॅम वायू आत सोडला आणि 99.5 ग्रॅम परत आला. दोन्ही मापांत एकेक टक्का चूक धरली, तरी उत्तरात सुमारे 1.4 ग्रॅमची चूक राहते आणि अर्धा ग्रॅम त्यात बुडून जातो. शिवाय इंधन कुठे मुरलं हे त्यातून कळतच नाही. आणि ते कळायलाच हवं, कारण इंधनात ड्युटेरियमसोबत असलेलं ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘आयटर’ या फ्यूजन भट्टीच्या निर्वात पात्रात साठणाऱ्या ट्रिटियमवर सुमारे 700 ग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

जळगावच्या सराफ बाजारातून : आमच्या एक्सआरएफ मशीनवर सोन्याचा कस लगेच कळतो. तेच मशीन टंगस्टनच्या भिंतीतला हायड्रोजन का दाखवणार नाही?

एक्सआरएफ अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतं आणि वरचा इलेक्ट्रॉन खाली येताना निघणारे क्ष-किरण मोजतं. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, वरून उतरायला दुसरा नाहीच. ड्युटेरियम आणि ट्रिटियम हीही त्याचीच भावंडं.

मात्र तुमच्या बाजारातलं लेसर सोल्डरिंग मशीन या कामाच्या बरंच जवळ आहे. लेसर डिसॉर्प्शन पद्धतीत त्याच जातीचा 1064 नॅनोमीटरचा लेसर आणि मिलिसेकंदाच्या आसपासचे पल्स वापरतात. फरक एवढाच, की तुम्हाला धातू वितळवायचा असतो आणि इथे वितळू द्यायचा नसतो. एका मिलिसेकंदात टंगस्टनमध्ये उष्णता साधारण पाव मिलिमीटर आत जाते, म्हणजे काही मायक्रॉनचा वरचा थर पूर्ण तापतो. त्यातला वायू सुटतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करणारं उपकरण) तो मोजतो. ऊर्जा कमी पडली तर वायू आतच राहतो. जास्त झाली तर पृष्ठभाग वितळतो, तडकतो, आणि त्याच जागी दुसरं माप घेण्यात अर्थ उरत नाही.

आकडे बघा. 3 मिलिमीटर व्यासाचा ठिपका आणि दर चौरस मीटरला 10²¹ ड्युटेरियम अणू धरले, तर एका पल्समध्ये सुमारे 24 नॅनोग्रॅम सुटतं. एक घनमीटरच्या बंद पात्रात दाब जेमतेम 1.4 × 10⁻⁵ पास्कलने वाढतो. म्हणून आधी दर माहीत असलेल्या गळतीतून ड्युटेरियम सोडून उपकरणाचं कॅलिब्रेशन करावंच लागतं. खरी डोकेदुखी वस्तुमान 4 ची. तिथे ड्युटेरियमचा रेणू, हायड्रोजन-ट्रिटियमचा रेणू आणि हेलियम, तिघांची गर्दी. हेलियम 4.003 वर असल्याने जास्त विभेदनाच्या उपकरणात वेगळा पडतो. उरलेले दोघे 4.028 आणि 4.024 वर इतके चिकटून बसतात, की 3, 5 आणि 6 या वस्तुमानांच्या संकेतांवरून त्यांची वाटणी करावी लागते.

धुळ्याहून एम.एस्सी.ची विद्यार्थिनी : आमच्याकडे नॅनोसेकंद लेसर आहे. लिब्स (लेसरने नमुन्याचा प्लाझ्मा करून त्याच्या प्रकाशातल्या रेषा वाचण्याची पद्धत) करताना हायड्रोजन आणि ड्युटेरियमच्या रेषा एकच फुगवटा होऊन दिसतात. काय करावं?

हवेत मारताय ना? मग असंच दिसणार. वायुमंडलीय दाबाला लेसरने उठलेला प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) दाट राहतो आणि स्टार्क परिणामाने, म्हणजे आसपासच्या विद्युतभारांमुळे, रेषा रुंदावतात. हायड्रोजनची रेषा 656.28 वर, ड्युटेरियमची 656.10 वर, अंतर फक्त 0.18 नॅनोमीटर. (ट्रिटियम 656.04 वर, म्हणजे ड्युटेरियमपासून अवघं 0.06.) नमुना निर्वात कक्षात ठेवा, थोडा आर्गॉन किंवा हेलियम सोडून दाब वायुमंडलाच्या खूप खाली ठेवा आणि कॅमेऱ्याचं गेट पल्सनंतर थोडं उशिरा उघडा. सुरुवातीचा अखंड प्रकाश विझू द्या. पण फार उशीर केलात तर रेषाच मरते, म्हणून विलंब पायरीपायरीने वाढवत बघा.

त्याआधी निऑन दिव्याच्या 653.29 आणि 659.90 या रेषांनी मापपट्टी लावून घ्या. याच रेषा 0.1 नॅनोमीटरहून रुंद दिसत असतील तर दोष प्लाझ्माचा नाही, स्लिटचा किंवा ग्रेटिंगचा आहे. पहिल्या पल्समध्ये हायड्रोजन भरपूर दिसेल. ती बहुधा पृष्ठभागावरची ओल. पण तेवढ्यासाठी तो पल्स टाकून देऊ नका, इंधनही बऱ्याचदा त्याच थरात असतं. नमुना तापवून वाळवूही नका, ड्युटेरियम उडून जाईल. रात्रभर पंपावर ठेवा. आणि 1064 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा.

अमळनेरचे वाचक : हे सगळं खऱ्या भट्टीत झालं आहे का?

ब्रिटनच्या ‘जेट’ या फ्यूजन भट्टीत दोन्ही झालं. डिसॉर्प्शन भट्टी चालू असतानाच्या दिवसांत, आणि डिसेंबर 2023 मध्ये ती बंद झाल्यावर 2024 मध्ये दूरनियंत्रित हातावर बसवलेलं लिब्स. टाइलच्या फटींत मात्र लेसरचा ठिपका पोचत नाही. तिथल्या साठ्यासाठी टाइल काढून प्रयोगशाळेत तापवूनच बघावं लागतं.