गोवर एकदाच, मग डेंग्यू परत कसा?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही वडगावचे, घरात दोन लूम आहेत. थोरल्या पोराला तीन वर्षांमागं डेंग्यू झालता, गेल्या महिन्यात परत झाला. सासूबाई म्हणतात गोवर एकदा येऊन गेला की परत येत नाही, मग हे कसं काय? पहिल्या वेळेला चार दिवसांत उठून बसला होता. ह्यावेळी ताप उतरला म्हणून आम्ही निवांत झालो आणि त्याच रात्री पोटात दुखायला लागलं, उलट्या सुरू, अ‍ॅडमिट करावं लागलं. शरीराला एकदा ओळख झाल्यावर त्रास कमी व्हायला पाहिजे ना?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर: ताई, गोवराबद्दल सासूबाईंचं बरोबरच आहे. फॅरो म्हणून उत्तर अटलांटिकमध्ये बेटं आहेत, तिथं १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि नंतर थेट १८४६ मध्ये. पानुम नावाच्या तरुण डॉक्टरनं बघितलं तर ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी गोवर झालेला, त्यांना ६५ वर्षांनी तो शिवलासुद्धा नाही.

हे होतं कसं बघा. व्हायरस पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते, म्हणजे शेजारणीला ओरडून सांगावं तसं, 'अगं दार लावून घे.' ही पहिली काही तासांतली धावपळ, अंगदुखी, कणकण, ताप हे बरंचसं त्यातूनच येतं, सगळं काही व्हायरसच करतो असं नाही. पण ही फळी कुणाचं तोंड लक्षात ठेवत नाही. ते काम दुसऱ्या फळीचं, टी पेशी लागण झालेल्या पेशी मारतात, बी पेशी अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसला जाऊन चिकटणारी प्रथिनं, बनवतात आणि त्यातल्या थोड्या पेशी आठवण म्हणून मागं राहतात. गोवराचं तोंड बदलत नाही म्हणून ही आठवण जन्मभर पुरते. साध्या सर्दीच्या एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार, तिथं किती जणांना लक्षात ठेवणार.

डेंग्यूची भानगड वेगळी. तो एक नाही, चार सख्खे भाऊ आहेत, तोंडावळा सारखा पण माणसं वेगळी. एका भावाशी गाठ पडली की त्याच्यापासून कायमचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून काही महिनेच. नंतर दुसरा भाऊ आला की जुन्या अँटीबॉडी 'हा ओळखीचा दिसतोय' म्हणून जाऊन चिकटतात, पण पकड अर्धवट, व्हायरस मरत नाही. आणि आपल्याकडं अशा पेशी आहेत की ज्या अँटीबॉडी चिकटलेली वस्तू दिसली की गिळतात. डेंग्यूला वाढायला नेमक्या त्याच पेशी पाहिजेत! म्हणजे पोलिसांनीच चोराला जीपमधून तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडल्यासारखं झालं. व्हायरस वाढतो, शरीराचा आरडाओरडा त्याहून वाढतो आणि रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाचंच असं होतं असं नाही हं, बहुतेकजण तेव्हाही घरीच बरे होतात, पण धोका वाढतो हे खरं.

आता तुमची त्या रात्रीची गोष्ट. ताप उतरतो तेव्हा व्हायरस कमी झालेला असतो, झिरपणं मात्र साधारण तेव्हाच जोर धरतं, पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात जोखमीचे. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, पोर मलूल पडणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी थर्मामीटर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. तुम्ही रात्रीच नेलं ते फार बरं केलं.

टेस्टचंही सांगतो कारण लोक फसतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ करायची, ती व्हायरसचाच तुकडा शोधते. आयजीएम म्हणजे अँटीबॉडी, ती तयार व्हायलाच चार-पाच दिवस लागतात, त्यामुळं दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही असं होत नाही. तापाला पॅरासिटामॉलच, ते सुद्धा डॉक्टर सांगतील तेवढंच, मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणू नका, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांचा रस पाजायच्या नादात पोराच्या पोटात पाणी, पेज, ओआरएस गेलं नाही असं बघितलंय मी, कडू रसानं उलटी होऊन होतं ते पण बाहेर.

आणि नळाला पाणी रोज नसतं म्हणून बॅरल भरून ठेवता ना, ते नुसतं ओतून चालत नाही. डासाची अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात, आठवड्यातून एकदा काथ्यानं घासायचं. पोराचे दोन्ही वेळचे रिपोर्ट एका फाइलीत ठेवा, पुढं कधी ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांसमोर टाकायचे.