जुने यांत्रिक, म्हणजे आपोआप धून वाजवणारे, ऑर्गन जपत बसण्यापेक्षा नवेच का बनवत नाहीत?

बनवतात की! नेदरलँड्समधले रस्त्यावरचे ऑर्गन भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या घडीपुस्तकावर वाजतात. पॅरिसच्या गाव्हिओली या ऑर्गन बनवणाऱ्यांनी १८९२ च्या सुमारास ही पद्धत आणली. पुठ्ठ्याची नक्कल काढता येते, म्हणून जुनी धून नव्या ऑर्गनवरही वाजते. भात्याचं चामडं तर जुन्यातही बदलावंच लागतं.

खरी अडचण त्याआधीच्या, फिरत्या लाकडी रुळावर वाजणाऱ्या ऑर्गनांची. तिथे प्रत्येक सूर म्हणजे रुळात ठोकलेला खिळा. लांब सुरासाठी तारेची पट्टी. नव्या गाण्यांसाठी ते उपटले, की त्या काळी ती धून कोणत्या अलंकारांसह वाजे याचा पुरावाच गेला. तेव्हा ध्वनिमुद्रण कुठलं! असा रूळ असेल तर माझ्या मते हात लावूच नये. रस्त्यावर रोज फिरवायला नवा ऑर्गन बनवावा. उट्रेख्टच्या स्पेलक्लॉक संग्रहालयात मात्र जुनी वाद्यं वाजवूनही दाखवतात.